तलवार, सासरे आणि ब्रिमफील्डचा चिखल

नमनाला थोडं तेल घालतो, नाहीतर ही ट्रिप का केली ते कळणार नाही. तीन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक तलवार घेतली. विकणाऱ्याने लिहिलं होतं, सिव्हिल वॉरमधल्या, म्हणजे १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या ऑफिसरची, नावासकट. सरळ पातं, सोनेरी मूठ, पात्यावर मालकाचं नाव, मी हरखलो आणि तीनशे डॉलर मोजून मोकळा झालो. घरी आल्यावर नीट बघितली तर मुठीच्या टोकाला शिरस्त्राण घातलेलं डोकं आणि म्यानावर क्रॉस. एका जाणकाराला फोटो पाठवले, त्याचं एका ओळीत उत्तर आलं की ही नाइट्स टेम्प्लरची आहे. म्हणजे फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघातल्या लोकांच्या मंडळाची, मिरवणुकीत कमरेला लावायची! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी अमेरिकेत असल्या मंडळांचं पेव फुटलेलं, नाइट्स टेम्प्लर, ऑड फेलोज, नाइट्स ऑफ पिथियस, आणि मेंबर झालं की तलवार, तलवारीवर नाव. सैन्याला तलवारी पुरवणाऱ्या काही कंपन्या यांनाही पुरवायच्या त्यामुळे नवखा माणूस हमखास गंडतो. मी गंडलो. बायको तिला आजही "गणपतीतली तलवार" म्हणते.

तेव्हाच ठरवलं की आता घेईन ती खरी आणि हातात धरून. अमेरिकन ऑफिसरांच्या तलवारींमध्ये गंमत अशी आहे की साध्या शिपायाला तलवार सरकारकडून मिळायची, ऑफिसरला मात्र स्वतःच्या खिशातून घ्यावी लागायची. नमुना नियमात ठरलेला, पण कुठल्या दुकानातून घ्यायची, पातं कुठलं, नक्षी किती, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. म्हणून एकाच १८५० च्या मॉडेलच्या दहा तलवारी शेजारी ठेवल्या तर दहाही वेगळ्या दिसतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रिमफील्डचा जुन्या वस्तूंचा बाजार मे, जुलै आणि सप्टेंबर असा वर्षातून तीनदा भरतो, आम्ही सप्टेंबरचा धरला. आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. अप्पा साताऱ्याकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले, सध्या सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ब्रासो मिळतं हे कळल्यापासून त्यांनी घरातली समई, घंटी, दाराची कडी, सगळं घासून लखलखीत केलेलं आणि आता काही उरलं नव्हतं. बायको म्हणाली यांना घेऊन जा.

पहिला दिवस: एडिसन ते वेस्ट पॉइंट ते स्प्रिंगफील्ड

सकाळी निघालो, पॅलिसेड्स पार्कवेला हडसनच्या बाजूने झाडी सुरू झाली आणि अप्पांनी डबा उघडला. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी. त्यांच्या मते प्रवासात भूक लागायची वाट बघायची नसते.

वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकन सैन्याचे ऑफिसर घडवणारी अकादमी, तिचं म्युझियम गेटच्या बाहेर आहे, फुकट आहे, आणि कितीतरी लोक ते न बघता नुसती आतली बस टूर करून येतात हे मला खरंच कळत नाही. तळघरात मोठी शस्त्रं, छोट्या शस्त्रांची गॅलरी वेगळी. मी एकेका मुठीपाशी पंधरा पंधरा मिनिटं. अप्पा हात मागे बांधून इन्स्पेक्शनला आल्यासारखे फिरत होते. सैन्यातल्या माणसाला तलवार म्हणजे परेडची वस्तू, त्यामुळे त्यांचं लक्ष पात्याकडे नाहीच, पट्टा कुठे अडकतो, कड्या कुठे आहेत, चालताना ती पायात येईल का, असल्या गोष्टींकडे. मला तेव्हा हे फालतू वाटलं होतं, पुढे कामाला आलं.

गाडीत त्यांना ॲपोमॅटॉक्सची गोष्ट सांगितली. ९ एप्रिल १८६५, यादवी युद्धाचा शेवट, दक्षिणेचा जनरल ली शरण यायला आला तो नवाकोरा युनिफॉर्म आणि झकास तलवार लावून, आणि जिंकलेला उत्तरेचा जनरल ग्रांट चिखलाने माखलेला, साध्या शिपायाच्या कोटात, तलवारच नाही. लीने तलवार पुढे केली आणि ग्रांटने मोठ्या मनाने परत दिली असं लोक रंगवून सांगतात पण असं काही घडलं नाही हे खुद्द ग्रांटनेच लिहून ठेवलंय. अप्पा म्हणाले, "जावईबापू, लढाई संपली की गोष्टी सुरू होतात."

रात्री स्प्रिंगफील्ड. हॉटेल ठीक.

दुसरा दिवस: स्प्रिंगफील्ड आर्मरी आणि चिकोपी

आर्मरी म्हणजे सरकारी बंदुकांचा कारखाना, १७९४ साली सुरू झाली आणि १९६८ ला बंद पडली, आता नॅशनल पार्कवाल्यांकडे आहे, हीपण फुकट. बाकीच्या आवारात कॉलेज भरतं, त्यामुळे बॅगा लटकवलेली पोरं आणि मधेच शस्त्रागार असा प्रकार. आत शिरल्यावर बंदुकांची ती प्रसिद्ध उभी मांडणी दिसते, ऑर्गनच्या नळ्यांसारखी, माणूस दोन मिनिटं गप्प होतो. अप्पा मात्र अडकले ब्लँचर्डच्या लेथपाशी. बंदुकीचा लाकडी दस्ता वाकडातिकडा असतो, तो हाताने तासायला वेळ लागायचा, तर या ब्लँचर्डने असं मशीन काढलं की एका बाजूला नमुन्याचा दस्ता फिरतो, त्यावरून चाक फिरतं आणि दुसऱ्या बाजूला तस्साच दस्ता कोरून निघतो. १८२० च्या आसपासची ही गोष्ट. अप्पा म्हणाले हे म्हणजे किल्लीची डुप्लिकेट करणारा असतो ना कोपऱ्यावर, ते. अगदी तेच!

पण माझं खरं देऊळ पुढे होतं, पंधरा मिनिटांवर, चिकोपीला. एम्स कंपनी. अमेरिकन तलवारी गोळा करणाऱ्याला हे नाव टाळता येत नाही. नेथन एम्सला १८३२ मध्ये तलवारींचं सरकारी काम मिळालं, १८३४ ला कंपनी उभी राहिली, आणि पुढे याच लोकांनी काशाचे पुतळेही ओतले, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमधले सेनेटच्या बाजूचे काशाचे दरवाजे यांच्याच भट्टीतले, काँकर्डचा मिनटमॅनचा, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या गावकरी सैनिकाचा, पुतळाही. तलवार बघताना एक उपयोगाची गोष्ट, गावाचं नाव वाचायचं. एम्सच्या सुरुवातीच्या तलवारींवर स्प्रिंगफील्ड असतं, मग कॅबटव्हिल, आणि १८४८ ला चिकोपी हे वेगळं गाव झालं त्यानंतर चिकोपी. त्यामुळे कुणी चिकोपी लिहिलेली तलवार "१८३५ ची आहे बरं का" म्हणून विकायला लागला तर हसून पुढे जायचं.

देवळात देव नव्हता म्हणा. नदीकाठी लाल विटांच्या लांबलचक इमारती अजून उभ्या आहेत आणि त्यात अपार्टमेंट झाली आहेत. जिथे हजारो पात्यांना धार लागली तिथे एक बाई कुत्र्याला फिरवत होती. मी फोटो काढतोय बघून तिने विचारलं घर बघायला आलात का. मी म्हटलं नाही, तलवारी. ती कुत्र्याला घेऊन जरा लांबून गेली.

जेवायला तिथल्याच एका पोलिश ठिकाणी. चिकोपीत पोलिश वस्ती जुनी आहे, गावाला किलबासा म्हणजे त्यांच्या त्या सॉसेजचा फार अभिमान. अप्पांचा त्या दिवशी उपास नव्हता पण वार होता, म्हणून त्यांच्यासाठी बटाट्याचे पिरोगी मागवले, वरून परतलेला कांदा. एक खाऊन ते म्हणाले, "ही तर बटाट्याची उकडीची करंजी." मग आणखी एक प्लेट. पिशवीतून ठेचा निघाला तो वेगळा विषय, वाढणाऱ्या पोराने बोटभर चाखून बघितला आणि शांतपणे आत निघून गेला.

तिसरा दिवस: ब्रिमफील्ड, ऊन

पहाटे पाचला उठलो. ब्रिमफील्ड म्हणजे रूट २० च्या दोन्ही बाजूंनी साधारण मैलभर पसरलेली मैदानं, तंबू, ट्रक आणि टेबलं. १९५९ मध्ये गॉर्डन रीड नावाच्या लिलाववाल्याने आपल्या जागेत सुरू केलं आणि मग शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापली शेतं उघडली. अजूनही प्रत्येक मैदानाचा मालक वेगळा, उघडायचा दिवस आणि वेळ वेगळी, काहींना तिकीट, काही फुकट, हे आदल्या रात्री बघून ठेवा नाहीतर बंद दोरीसमोर उभे राहाल. पार्किंग लोकांच्या अंगणात, रोख पैसे. टॉर्च न्याच, अंधारातच खरेदी सुरू होते. माझ्या खिशात आणखी एक छोटं भिंग, लोहचुंबक आणि मोजपट्टी होती. लोहचुंबक यासाठी की पितळेला चिकटत नाही, मुठीला चिकटलं तर वरून मुलामा आणि आत लोखंड.

पहिल्या दोन तासांत पाच तलवारी बघितल्या, त्यातल्या तीन आपल्याकडच्या. म्हणजे अक्षरशः! भारतात बनवलेल्या नकला इथे ढिगाने येतात, नाटकात आणि लढाईचे प्रयोग करणाऱ्यांना लागतात, त्यात काही गैर नाही, पण वीस वर्षं कुणाच्या तळघरात गंजल्या की त्याच जुन्या म्हणून बाजारात येतात. ओळखायची कशी तर पितळ फार पिवळं, गार्डवरची पानंफुलं साबणाची वडी वापरून झाल्यासारखी गुळगुळीत बसकी, आणि पात्याच्या मुळाशी इंडिया असा ठसा, किंवा ठसा घासून काढल्याचा खड्डा. एका टेबलवाल्याला मी तो खड्डा दाखवला, त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला तुम्हाला बरं माहीत असणार. दोघंही हसलो.

एका काचेच्या पेटीत मरीन ऑफिसरची तलवार होती, मामलुक. १८०५ ला अमेरिकेचे मरीन लोक उत्तर आफ्रिकेत त्रिपोलीच्या बाजूला डेर्नापर्यंत धडकले, त्या मोहिमेतल्या ओबॅननला तिकडच्या राजपुत्राने अशी तलवार दिली असं सांगतात. १८२५ ला मात्र ती नियमातच आली, मधली काही वर्षं सोडली तर टिकली, आणि आजही मरीन ऑफिसर तीच लावतात. बाकदार पातं, फुलीसारखी परज, अप्पा म्हणाले ही तर आपल्याकडची वाटते. भाव विचारला नाही.

आणि मग दहाच्या सुमाराला "ती" दिसली. १८५० चं फूट ऑफिसरचं मॉडेल, म्हणजे पायदळातले कॅप्टन आणि लेफ्टनंट लावायचे ती, चामड्याचं म्यान, म्यानाच्या तोंडाच्या पितळी पट्टीवर कोरलेलं एका कॅप्टनचं नाव, मॅसॅच्युसेट्सची रेजिमेंट, खाली साल १८६२. अठ्ठावीसशे डॉलर. विकणारा गोड बोलणारा, सोबत एक कागद, कुटुंबाची हकिगत, कुठल्या लढाईत होता, पायाला गोळी कशी लागली. मी खरंच सांगतो, माझा हात पाकिटाकडे गेला होता. नावाची तलवार! नाव असलं की किंमत तिप्पट चौपट होते कारण मग रेकॉर्डमध्ये माणूस सापडतो, हवेतली वस्तू राहत नाही.

अप्पांनी म्यान मागितलं. चष्मा कपाळावर सरकवला, आणि अंगठ्याचं नख त्या अक्षरांवरून दोनदा फिरवलं. मग मराठीत, अगदी सहज, "अक्षरं नवीन आहेत, भांडं जुनं आहे."

मी म्हटलं कशावरून.

"आमच्या आईच्या लग्नातला तांब्या आहे घरी. दुकानात बसून नाव घालून घेतलेलं. लहानपणी नाव बोटाला लागायचं, खरखरायचं. आता नुसतं दिसतं, लागत नाही. हे लागतंय."

मी भिंग लावून बघितलं. पट्टीच्या कडा झिजून गोल झालेल्या, वरची फुलं जवळजवळ पुसलेली, आणि त्याच पितळेवर ते नाव मात्र धारदार, प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक कंगोरा, तळाशी रंग थोडा काळा पण तो नुसता वर बसलेला. दीडशे वर्षं हाताळलेल्या पितळेवर नक्षी झिजते आणि नाव झिजत नाही असं कसं होईल? मी इतक्या वर्षांत एवढं वाचलं, एवढे फोटो बघितले, आणि मला ते दिसलं नाही कारण मला नाव हवं होतं. कोरणारा कोण, कधी कोरलं, देव जाणे, विकणाऱ्याला तरी माहीत होतं का कोण जाणे. थँक यू म्हणून निघालो. पुढच्या तंबूपर्यंत मी काही बोललो नाही.

दुपारी ऊन कडक, सायडर डोनट खाल्ले, सफरचंदाच्या रसातले गरम गरम, वरून दालचिनी साखर. अप्पांनी तीन खाल्ले आणि म्हणाले तळणीचं तेल चांगलं आहे.

पायात चांगले बूट घाला, चपला नको, आणि मोठी वस्तू घेतली तर विकणाऱ्याकडेच ठेवून संध्याकाळी उचला, सगळे ठेवतात. भाव करताना लाजायचं नाही पण वस्तूला नावं ठेवायची नाहीत, इथल्या लोकांना ते आवडत नाही, नुसतं "तुमचा शेवटचा भाव काय" एवढंच विचारा.

चौथा दिवस: ब्रिमफील्ड, पाऊस

रात्रीपासून धो धो. सकाळी मैदानाची भाताची खाचरं झालेली, गाड्या रुतताहेत, निम्मे लोक टेबलं गुंडाळून निघालेले. मी म्हटलं अप्पा परत जाऊया. ते म्हणाले पावसात बाजार स्वस्त असतो. प्लॅस्टिकचे रेनकोट घेतले, पाच डॉलरला एक, आणि घोट्यापर्यंतच्या चिखलात शिरलो.

अगदी मागच्या रांगेत एक म्हातारबाबा ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेले, समोर टेबलावर ताडपत्री. ताडपत्री उचलली तर संगिनी, पट्ट्याची बक्कलं, आणि एक तलवार. अप्पांच्या उभं राहण्याकडे बघून त्यांनी आधी विचारलं, "आर्मी?" अप्पा ताठ झाले. "मराठा लाइट इन्फन्ट्री. सुभेदार." पुढची वीस मिनिटं मला कुणी विचारलं नाही. बाबा व्हिएतनामला होते. एकाचं इंग्रजी मोजकं, दुसऱ्याला ऐकू कमी, पण बूट, पाऊस, रेशन आणि गुडघे या विषयांवर त्यांचं पूर्ण एकमत झालं. रेजिमेंट किती जुनी असं बाबांनी विचारलं, अप्पा म्हणाले १७६८. बाबांनी बोटांवर हिशोब केला, म्हणजे आमच्या देशापेक्षा जुनी. अप्पा काही बोलले नाहीत पण जे काय खूश झाले ना.

तोवर मी तलवार बघत होतो. तीच, १८५० फूट ऑफिसर. फ्रेंचांच्या १८४५ च्या तलवारीवरून उचललेला नमुना, किंचित बाक, पातं मोजलं तर साडेतीस इंच. म्यान मधे मोडलेलं, चामडं आकसलेलं. मुठीवरचं शार्कचं कातडं बोटांच्या जागी गुळगुळीत, पितळी तारेचा पीळ एका ठिकाणी सैल. पात्याच्या मुळाशी चामड्याची छोटी चकती असते, ती जागेवर, वाळून काळी. मुठीच्या टोकाला जिथे पात्याचं शेपूट ठोकून बसवतात तिथे नवीन हातोड्याची खूण नाही. सगळीकडे एकसारखा तपकिरी राप. नाव कुठेही नाही. पात्यावरची नक्षी इतकी पुसट की गरुड आहे हे माहीत असेल तरच दिसतो.

अप्पांनी म्यानाचं टोक उलटं करून दाखवलं. खालचा पितळी तुकडा एकाच बाजूने घासून तिरपा झालेला. "ही डाव्या कमरेला लावून चाललाय कुणीतरी. पुष्कळ चाललाय. उंचीने कमी होता, जमिनीला घासायची."

बाबांनी सहाशे पन्नास सांगितले. मी शेवटचा भाव विचारला. ते माझ्याकडे न बघता अप्पांकडे बघत म्हणाले, "सुभेदारसाठी पाचशे." मी नोटा मोजल्या. भिजल्या होत्या, एकमेकींना चिकटत होत्या, बाबांनी तशाच शर्टात कोंबल्या.

गाडीत हीटर लावून, टॉवेलने पातं टिपत असताना टॉर्च तिरपा धरला आणि मुळाशी उभा शिलेदार दिसला, ढाल तलवारवाला, बाजूला अर्धवट अक्षरं, सोलिंगन. म्हणजे जर्मनीतल्या सोलिंगन गावच्या क्लाउबेर्ग या तलवारवाल्याचं पातं! आणि पात्याच्या पाठीवर बारीक इंग्रजीत आयर्न प्रूफ, अमेरिकन गिऱ्हाइकासाठी जर्मनांनी मुद्दाम इंग्रजीत लिहिलेलं. मी चिकोपीला जाऊन एम्सच्या भिंतींना हात लावून आलो आणि हाती आलं ते जर्मनीतलं पातं. क्षणभर हिरमोड झाला हे खरं. पण युद्धात मागणी एवढी वाढली की न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे व्यापारी सोलिंगनहून पाती मागवायचे, तेव्हा हेही तितकंच अस्सल. आणि अप्पांना सांगितलं की आपल्याकडच्या फिरंग तलवारींची पातीही युरोपातूनच यायची, त्यात जर्मनीचीही होती, आपण वर आपली मूठ बसवायचो. ते म्हणाले, "मग आपलंच दुकान झालं की."

ज्यांना घ्यायची आहे त्यांच्यासाठी. घरी आणल्यावर तलवार चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. पात्याला हलकं मशीनचं तेल, किंवा म्युझियमवाले वापरतात ते रेनेसान्स वॅक्स, बस. विमानाने नेणार असाल तर ती चेक-इनमध्येच जाते, केबिनमध्ये नाही, आणि भारतात न्यायच्या आधी तिथले नियम बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पितळ चमकवू नका. तो राप म्हणजेच तिचं वय, एकदा घासला की परत येत नाही आणि किंमतही निम्मी होते.

हे शेवटचं मी अप्पांना कनेक्टिकट ओलांडेपर्यंत तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ते हो म्हणाले, आणि तिन्ही वेळा मागच्या सीटकडे वळून बघत म्हणाले, "पण नुसतं मुठीला एक हात मारला असता तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर खाली हॉलमध्ये ब्रासोचा वास. माझ्या पोटात गोळा आला, पायऱ्या दोन दोन करून उतरलो. अप्पा वर्तमानपत्र पसरून बसलेले, शेजारी जुना बनियन, डबी उघडी, आणि मांडीवर माझी ती नाइट्स टेम्प्लरची. शिरस्त्राणातलं डोकं सोन्यासारखं लखलखत होतं. "ही चालेल ना?" म्हणाले.

आता ती हॉलमध्ये लावली आहे. पाहुणे आले की आधी तिचाच फोटो काढतात.